नळाचे आटे

गडचिरोली जिल्ह्यांतील एखाद्या खेड्याचा हातपंप दुरुस्तीसाठीं उघडला म्हणजे विंधनविहिरींतून तीन-तीन मीटर लांबीचे सव्वा इंची नळ एकामागून एक वर येतात. हे नळ एकमेकांस धरून राहतात ते केवळ टोकांवर पाडलेल्या आट्यांच्या बळावर. एक सांधा गळूं लागला तर दांडा कितीही हलविला तरी पाणी तोटीपर्यंत नीट पोंचत नाहीं. आटे झिजून सांधा सुटला तर खालचे सारे नळ विहिरींत कोसळतात, आणि गांवाला पुन्हां नाल्याची वाट धरावी लागते. या नळांवर इंचास अकरा आटे असतात व त्यांच्या खांचेचा कोन 55 अंशांचा असतो. हें माप गेल्या शतकांतलें नव्हे. तें एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडचें आहे.

लोखंडी नळांची खरी मागणी उत्पन्न केली ती दिव्यांच्या गॅसनें. विल्यम मरडॉक यानें 1792 सालीं रेडरुथ येथें आपलें घर कोळशाच्या गॅसनें उजळलें. आपल्याकडे मुंबईच्या माझगांवांत अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनीं आपल्या बंगल्यांत 1834 सालींच असे दिवे लावले होते. आरंभीं नेपोलियनच्या युद्धांतून उरलेल्या बंदुकांच्या नळ्याच आटे पाडून एकीस एक जोडीत. पुढें 1825 सालीं कॉर्नेलियस व्हाइटहाउस यानें तापलेली लोखंडी पट्टी घंटेच्या आकाराच्या सांच्यांतून ओढून तिच्या कडा एकजीव करण्याची युक्ति काढली, आणि नळ स्वस्त झाला.

परंतु नळ स्वस्त झाला म्हणून सांधा जमला असें नव्हे. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ यानें अनेक कारखान्यांतील मळसूत्रें गोळा केलीं, त्यांचें सरासरी माप काढलें आणि 1841 सालीं सर्वांसाठीं एकच पद्धति सुचविली. 55 अंशांचा कोन हा त्याचाच. नळांसाठीं पुढें याच कोनाचे, पण अधिक बारीक आटे रूढ झाले.

आतां आटे पाडण्याचें साधन पाहूं. नळ प्रथम शेगड्यांत आवळून धरावयाचा. कापणीच्या हत्यारांत एक कठीण पोलादी चकती असते. ती नळाभोंवतीं फिरवीत फेऱ्यागणिक थोडी थोडी आवळावयाची. ही चकती धातु कापते त्याहून अधिक बाजूस सारते, आणि त्यामुळें नळाच्या आंत एक कड उभी राहते. ती कोरून काढली नाहीं तर पाण्याची वाट तेथेंच अरुंद होते. बाहेरून कांहींच दिसत नसल्यामुळें घाईचा कारागीर नेमकें हेंच काम सोडून देतो. नंतर डाय. डाय म्हणजे आंतून उलटे आटे कोरलेला पोलादी ठोकळा. कीस बाहेर पडावा म्हणून त्यास खांचा ठेवलेल्या असतात. दोन लांब मुठींच्या चौकटींत बसवून, चरबीचें तेल सोडीत, तो नळावर फिरवितात. बारीक नळाला एक माणूस पुरतो. दोन इंची नळ दोघांचा घाम काढतो. म्हणून उत्तरार्धांत दांतेरी चाकांचीं यंत्रें आलीं. लांब नळ गरगर फिरविणें अवघड, तेव्हां पुष्कळ यंत्रांत नळ स्थिर धरून डायच त्याभोंवतीं फिरवीत. डायचीं पातीं सुटीं असत व आटे पुरे होतांच बाहेर सरत. त्यामुळें डाय उलट फिरवून काढण्याचा वेळ वांचे.

हीं साधनें चंद्रपूरच्या मुलखांत कां हवीं होतीं, हें वरोऱ्याकडे पाहिलें म्हणजे कळतें. तेथील कोळशाची खाण 1871 पासून 1906 पर्यंत चालली. खाणींत पाणी झिरपतें, आणि तें उपसण्यासाठीं बाष्पयंत्र, पंप व नळ लागतात. खाण पुढें सरते तसा नळही लांबवावा लागतो. त्याची लांबी आधीं ठरवितां येत नाहीं. जागेवरच मोजावें, कापावें व आटे पाडावे लागतात. याच जिल्ह्यांत लोहारा, पिंपळगांव येथें लोखंडाची खनिजें विपुल, आणि लोणारी कोळशाच्या भट्ट्यांवर लोखंड गाळणारे लोकही होते. त्या लोखंडाच्या कुऱ्हाडी होत, फाळ होत. नळ मात्र होत नसे. त्यासाठीं पट्टी लाटणारी गिरणी व मापाचा डाय हवा, आणि तीं दोन्ही समुद्रापलीकडे होतीं.

माप एकच असण्याचें महत्त्व अमेरिकेच्या उदाहरणानें स्पष्ट होतें. तेथें रॉबर्ट ब्रिग्ज यानें नळांसाठीं 60 अंशांचे निमुळते आटे ठरविले. अर्ध्या इंचाच्या नळावर दोन्ही देशांत इंचास चौदाच आटे. म्हणून ब्रिटिश सॉकेटांत अमेरिकन नळ कांहीं फेरे सुखानें जातो, कारागीरही फसतो, आणि पाण्याचा दाब येतांच सांधा गळूं लागतो. एक इंची नळावर तर एकाकडे अकरा, दुसऱ्याकडे साडेअकरा.

ब्रिटिश नळांचें प्रमाण 1905 सालीं छापून निश्चित झालें, आणि भारतीय मानकांतही कोन तोच राहिला. सोलापूर पंपावरून पुढें ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप घडला, त्याच्या नळांना हेच आटे आहेत. नळ पुन्हां विहिरींत सोडतांना मिस्त्री प्रत्येक टोक तारेच्या ब्रशनें साफ करतो, पहिले दोन-तीन फेरे पान्हा न लावतां हातानेंच देतो, आणि आटा तिरपा बसला असें वाटलें तर नळ सोडवून पुन्हां आरंभ करतो.