बुलेट ट्रेनचा ताळेबंद

गेल्या हिवाळ्यात एका विवाहानिमित्त सुरतेला जाणे झाले. वापी मागे पडल्यानंतर गाडीच्या खिडकीतून मधूनमधून उंच, राखाडी खांबांची रांग दिसू लागली. माझा भाचा इचलकरंजीत कापडाचा व्यापार करतो. तो उत्साहाने म्हणाला, "मामा, ही बुलेट ट्रेन सुरू झाली की मुंबईहून सुरत तासाभरात! सकाळी माल पाहायचा आणि संध्याकाळी परत." समोर बसलेल्या त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, चष्मा पुसत विचारले, "आणि इचलकरंजीहून मुंबईपर्यंत काय उडत येणार आहेस? ह्या खांबांचे पैसे कोण भरतंय, ते सांग आधी."

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य होते. एक लाभाची बाजू पाहत होता, दुसरा खर्चाची. माझ्या नोकरीचा मोठा काळ कर्ज विभागात गेला असल्यामुळे, दोन्ही बाजू एका कागदावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. परतीच्या प्रवासात मी तेच केले. तो हिशेब आज वाचकांसमोर ठेवीत आहे.

प्रकल्पाचे स्वरूप

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. त्यावर बारा स्थानके आहेत. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रात व उरलेली आठ गुजरातेत आहेत. गाडीचा वेग ताशी ३२० किलोमीटर राहील आणि मोजके थांबे घेणारी गाडी हे अंतर साधारण दोन तासांत कापील, अशी योजना आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबाद येथे पायाभरणी झाली, तेव्हा मंजूर खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्यापैकी सुमारे ८१ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ हजार कोटी रुपये, जपानकडून कर्जरूपाने मिळावयाचे ठरले. व्याज ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षे आणि पहिली पंधरा वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही. भागभांडवलात केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात ह्यांचे प्रत्येकी ५ हजार कोटी आहेत.

भूसंपादनास, विशेषतः महाराष्ट्रात, झालेल्या विलंबामुळे मूळ वेळापत्रक कधीच कोलमडले. वेळ वाढला की खर्च वाढतो, हे दुकानाची माडी बांधणाऱ्यासही सांगावे लागत नाही. म्हणून पुढील हिशेब मूळ आकड्यांवर केला असला, तरी तो सौम्य बाजूचा हिशेब आहे, हे ध्यानात असू द्यावे.

व्याज स्वस्त होते, शेंग नव्हती

"जवळजवळ बिनव्याजी पैसा मिळतो आहे, मग का घेऊ नये?" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. त्यावर मला एक जुना प्रसंग आठवतो. एका तालुक्याच्या गावी मी शाखेत कर्जाचे काम पाहत असताना, तेलघाणीच्या आधुनिक गिरणीसाठी सवलतीच्या व्याजाचे एक प्रकरण आले. मालक सचोटीचे, यंत्रे उत्तम, व्याज बाजाराच्या निम्म्याने. मीही उत्साहाने शिफारस केली. परंतु त्याच सुमारास पाटाचे पाणी आले आणि शेतकरी भुईमूग सोडून उसाकडे वळले. गिरणीला शेंगच मिळेना. चार वर्षांत खाते थकले आणि त्या सज्जन गृहस्थांना राहते घर विकावे लागले. कर्ज स्वस्त आहे की महाग, हे मी तपासले होते. शेंग येईल की नाही, हे पुरेसे तपासले नव्हते. ती चूक माझी होती आणि तिची बोच आजही आहे.

रेल्वेची शेंग म्हणजे प्रवासी. आता आकडे पाहू. ८८ हजार कोटींचे मुद्दल पस्तीस वर्षांत फेडायचे, तर वर्षाला सुमारे २,५०० कोटी होतात. व्याज सुरुवातीस ८८ कोटी. म्हणजे फेडीचा बोजा साधारण २,६०० कोटी. समजा, रोज ४० हजार प्रवासी मिळाले आणि सरासरी तिकीट २,००० रुपये धरले, तर दिवसाला ८ कोटी व वर्षाला सुमारे २,९०० कोटी हाती येतील. फेड वजा जाता उरले ३०० कोटी; त्यात वीज, पगार, देखभाल हे सारे भागणे शक्य नाही. प्रवासी रोज १ लाख झाले, तर तीच जमा ७,३०० कोटींवर जाते आणि खाते निरोगी दिसू लागते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अभ्यासकांनी २०१६ मध्ये असाच अंदाज मांडला होता. तीनशे किलोमीटरला १,५०० रुपये भाडे धरले, तर कर्जफेडीसाठी रोज ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आणखी एक रकाना सहसा कोणी लिहीत नाही. तो विनिमय दराचा. कर्ज येनमध्ये आहे आणि तिकिटे रुपयांत विकली जाणार आहेत. १९९० च्या सुमारास शंभर येनला साधारण बारा रुपये पडत. २०१२ मध्ये पासष्टच्या वर पडू लागले. त्यानंतर येन नरमला, त्यामुळे सध्या ही बाजू आपल्याला त्रास देत नाही. तथापि पन्नास वर्षांच्या कर्जात आजच्या दरावर विसंबून राहता येत नाही. येन दीडपट महागला, तर २,५०० कोटींचा हप्ता ३,७५० कोटींचा होईल. आयात-निर्यात करणाऱ्या आपल्या वाचकांना हे अधिक खोलात सांगण्याची गरज नाही.

जपान : कर्ज देणारा एकेकाळचा कर्जदार

आज आपल्याला कर्ज देणाऱ्या जपानने आपला पहिला वेगवान मार्ग स्वतः कर्ज काढून बांधला होता. टोकियो-ओसाका हा ५१५ किलोमीटरचा मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला. त्यासाठी जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. मूळ अंदाज सुमारे २०० अब्ज येनचा होता. प्रत्यक्ष खर्च ३८० अब्जांच्या घरात गेला. ह्या वाढीव खर्चापायी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा ह्या दोघांनाही उद्घाटनापूर्वीच, १९६३ मध्ये, पद सोडावे लागले.

तरीही तो मार्ग भरघोस नफ्यात गेला. साडेसहा तासांचा प्रवास आधी चार आणि पुढे सव्वातीन तासांच्या आत आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही टोकांना आणि मध्ये नागोयासारखी दाट वस्तीची उद्योगनगरे होती. जागतिक बँकेचे कर्ज ठरल्याप्रमाणे फिटले.

गोष्ट इथे संपली असती तर प्रश्नच नव्हता. पहिल्या मार्गाचे यश पाहून प्रत्येक प्रांताला आपल्याकडेही तशी गाडी हवीशी वाटू लागली. प्रवासी आहेत की नाहीत ह्यापेक्षा मतदारसंघ कोणाचा, ह्याला महत्त्व आले. जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या तोट्यास इतरही कारणे होती. ग्रामीण मार्ग आणि पगाराचा बोजा ही त्यांतली मोठी. परंतु नव्या मार्गांच्या कर्जाने त्यात मोठी भर घातली. १९८७ मध्ये खासगीकरण झाले, तेव्हा तिच्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते. त्याचा मोठा हिस्सा अखेरीस जपानच्या करदात्यावर पडला.

तैवानचे उदाहरण बँकेतील माणसाला विशेष बोलके वाटते. तेथे २००७ मध्ये खासगी कंपनीने पस्तीस वर्षांच्या करारावर हा मार्ग सुरू केला. गाड्या उत्तम धावत होत्या, पण घसारा आणि व्याज ह्यांनी कंपनी बुडण्याच्या बेतात आली. शेवटी सरकारला हात घालावा लागला आणि २०१५ मध्ये भांडवलाची फेररचना करून कराराची मुदत सत्तर वर्षांवर नेण्यात आली. त्यानंतर कंपनी सावरली. शंभर वर्षे टिकणाऱ्या पुलाचा खर्च थोड्या वर्षांत वसूल करायला गेले, तर चांगला धंदाही आजारी पडतो. म्हणून आपल्या कर्जातील खरी सवलत ०.१ टक्का व्याजाइतकीच त्या पन्नास वर्षांच्या मुदतीत आहे, असे माझे मत आहे.

युरोपात मात्र उलट चित्रही आहे. तेथील लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये वेगवान मार्गांची तपासणी केली. मार्ग ज्या वेगासाठी बांधले, त्याच्या सरासरी ४५ टक्के वेगानेच गाड्या धावत असल्याचे त्यांना आढळले. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो निम्मादेखील वापरला जात नव्हता.

त्याच पैशात दुसरे काय?

सरकारी खर्चाचा खरा प्रश्न 'हे चांगले आहे का?' एवढाच नसतो. 'ह्याहून निकडीचे काही राहिले आहे का?' हाही असतो. पायाभरणीनंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आजही वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात.

ह्यावर प्रामाणिक उत्तर असे की, जपानचे हे कर्ज ह्याच कामासाठी मिळाले. ते लोकलच्या पुलांकडे वळविता आले नसते. हे खरे आहे. परंतु भागभांडवलाचे २० हजार कोटी आपल्याच तिजोरीतले आहेत आणि कर्जाचे हप्तेही कमी पडल्यास त्याच तिजोरीतून जाणार आहेत.

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने आणखी एक तुलना बोधप्रद आहे. केवळ मालगाड्यांसाठी बांधलेल्या पूर्व व पश्चिम ह्या दोन मार्गिकांची लांबी मिळून सुमारे २,८४३ किलोमीटर आणि खर्च साधारण सव्वा लाख कोटी रुपये. पश्चिम मार्गिकेलाही जपानचेच कर्ज आहे. ह्या मार्गिकांमुळे मालाची वाहतूक जलद होते आणि जुन्या रुळांवर प्रवासी गाड्यांना जागा मोकळी होते. तरीही वैतरणा ते न्हावा-शेवा हा बंदराला जोडणारा आपल्याकडचा तुकडाच शेवटपर्यंत रेंगाळत राहिला. त्याची चर्चा किती झाली?

पालघरच्या शेतकऱ्याचाही विचार केला पाहिजे. धरण, मालगाडीची मार्गिका, द्रुतगती महामार्ग आणि आता ही रेल्वे, ह्या सर्वांसाठी त्या आदिवासी जिल्ह्याने जमीन दिली. मोबदला मिळतो, पण तेथील किती माणसे ह्या गाडीत बसतील? काडेपेटी विकत घेणारा मजूरही कर भरतो. तिकीट मात्र हिऱ्याचा किंवा कापडाचा व्यापारी काढणार. म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी. आपल्या तिकिटातील तूट त्याने भरावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

हा प्रश्न जुना आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हा इंग्रज भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती आणि तूट आल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची होती. रेल्वे देशाला उपयोगी पडली, पण हमी असल्यामुळे काटकसर करण्याचे कारण कोणालाच उरले नाही.

माझा निर्णय

अर्धे बांधून झालेले दुकान चुकीच्या जागी आहे असे वाटले, तर शहाणा व्यापारी दोनच गोष्टी पाहतो : पुढे किती घालावे लागतील आणि पुढे किती मिळतील. गेलेले पैसे दोन्हीकडे सारखेच गेलेले असतात. ह्या न्यायाने मुंबई-अहमदाबाद मार्ग पुरा करणेच योग्य. दोन्ही टोकांना मोठी शहरे आणि मध्ये सुरत, भरूच, वडोदरा अशी ठाणी असल्यामुळे, ह्या मार्गाला शेंग मिळण्याची शक्यता देशात सर्वाधिक आहे. विमानाशी टिकाव धरील असे भाडे आणि स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय मात्र हवी.

परंतु मुंबई-नागपूर, मुंबई-पुणे-हैदराबाद अशा मार्गांचीही सर्वेक्षणे हाती घेतली गेली आहेत. तेथे मी कर्ज अधिकारी असतो, तर पहिल्या मार्गाचा किमान पाच वर्षांचा हिशेब समोर आल्याखेरीज सही केली नसती. त्या हिशेबात रोजचे प्रवासी, सरासरी भाडे, येनमधील फेड आणि सरकारने भरलेली तूट हे चार रकाने स्वतंत्र दिसले पाहिजेत. रेल्वेच्या मोठ्या अंदाजपत्रकात विरघळून जाता कामा नयेत. स्थानकाभोवतीच्या जमिनीचे भाव वाढतील, त्यातील काही वाटाही सार्वजनिक तिजोरीत आला पाहिजे. आपल्यापैकी काहींना हे रुचणार नाही, ह्याची मला कल्पना आहे.

सुरतेहून परतताना हा कागद मी दाजींना दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि भाच्याकडे देत म्हणाले, "गाडी येऊ दे. पण तिकीट काढशील तेव्हा पूर्ण पैशाचं काढ." भाच्याने कागद घडी करून खिशात ठेवला.