रंगाचे शंभर मायक्रॉन

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर माणसे जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधायला येतात. आरसा, हेडलाइट, दाराचे हँडल, बंपर. हवा तो भाग मिळाला की मालकाची नजर आपल्याच बोनेटकडे वळते आणि तो दुकानदाराला विचारतो, ह्याचे काही करता येईल का? इंजिन ठणठणीत आहे, गाडी रोज चालते, कर्ज कधीच फिटले आहे. पण छपरावर पांढरे पापुद्रे सुटलेत आणि रिमवर तांबूस गंज उतरलाय. दुकानदार त्याला मागच्या गल्लीतल्या पेंटरकडे धाडतो.

वाहनांवरच्या लिखाणात नवी गाडी असते, नाहीतर संग्राहकाची जपलेली व्हिंटेज. या दोहोंच्या मध्ये दहा-वीस वर्षे राबलेल्या लाखो गाड्या आहेत, आणि त्यांना पुन्हा रूपावर आणणारी माणसे आहेत. त्यांचे काम बघत उभे राहिले की वेळेचे भान राहत नाही.

कुर्ल्याला या धंद्याचा वारसा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स इथलीच. 1964 मध्ये इथून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडली. 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळा-पिवळा रंग लेवून मुंबईची टॅक्सी म्हणून तीन पिढ्यांच्या आठवणीत बसली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 नंतर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत, आणि त्यांच्या रंगाचे काम घेणारे हातही.

अशाच एका पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्या पेंटरला त्याच्याकडची पोरे उस्ताद म्हणतात. गाडी आली की तो आधी ती स्वच्छ धुऊन घेतो, कारण मातीवरून हात फिरवला की ओरखडे पडतात. मग तळव्याखाली मऊ फडके धरून पत्र्यावरून लांब, सावकाश हात नेतो. फडक्यामुळे हात अडखळत नाही, आणि डोळ्याला न दिसणारी लाट बोटांना कळते. कुठे जुनी लांबी (पुट्टी) भरली आहे, कुठे दार ठोकून सरळ केले आहे, हे तो अशा एका फेरीत ओळखतो. खात्रीसाठी बोटाच्या पेराने टिचकी मारतो. कोरा पत्रा खणखणतो, लांबीखालचा पत्रा बद्द वाजतो. आता त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारे मशीनही आहे. हाताने आधी सांगितलेलेच बहुतेक वेळा त्यावर आकड्यात दिसते.

आकडे लहान आहेत. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन भरतात. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा, म्हणजे गाडीचे सगळे रूप दीड-दोन केसांच्या जाडीत मावते. त्यातला क्लिअर 35 ते 50 मायक्रॉनचा. ऊन सोसायचे, पक्ष्यांची विष्ठा सोसायची, पाण्याच्या टाकीतून ठिबकलेले खारे थेंब सोसायचे, ते त्याने. उस्तादचे कसब रंग चढवण्यात आहे असे बघणाऱ्याला वाटते. खरे कसब किती कमी खरवडायचे हे ठरवण्यात आहे.

पद्मिनीच्या काळातला रंग बहुधा एकथरी असे, वर वेगळा क्लिअर नाही. उन्हाने त्यातली राळ फुटते, रंगद्रव्य मोकळे पडते आणि बोनेटवर खडूसारखी भुकटी बसते. लाल गाडी गुलाबी दिसू लागते ती यामुळेच. असा रंग मेलेला दिसतो, पण मेलेला असतो तो फक्त वरचा थर. रबिंग कंपाउंड लावून घासले की फडक्याला गाडीचाच रंग लागतो आणि खालून मूळ छटा वर येते. धार आणि कोपरे मात्र उस्ताद मशीनला देत नाही. तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि बफिंगचे चाक क्षणात पत्र्यापर्यंत पोहोचते. तिथे तो टेप लावतो आणि शेवटी हाताने, बोटांनी घासतो.

गॅरेजांत वर्षानुवर्षे मारला गेलेला एनसी रंग दुरुस्तीला आणखी सोपा होता. त्याची सुरुवात अमेरिकेत झाली. ड्युपाँ कंपनीने 1923 मध्ये ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज (एनसी) रंग आणला आणि जनरल मोटर्सच्या 1924 च्या ओकलंड गाड्यांवर तो दिसला. आधी ब्रशने थरावर थर देत आठवडे जात. आता स्प्रे गनने मारलेला रंग थिनर उडाला की वाळायचा. तो पुन्हा थिनरमध्ये विरघळतो, म्हणून जुना आणि नवा रंग एकमेकांत मिसळून जातात. हार्डनर घालून मारलेला आजचा रंग वाळत नाही, रासायनिक क्रियेने पक्का होतो. चुकले तर पुसता येत नाही, घासूनच काढावे लागते.

खरी परीक्षा चंदेरी गाडीची.

समजा, 2008 च्या आसपासची सिल्की सिल्व्हर हॅचबॅक आहे. छपरावरचा क्लिअर सोलला गेलाय. मालकाला वाटते, पॉलिश मारले की होईल. उस्तादला माहीत असते की सुटलेला क्लिअर कोणत्याही पॉलिशने परत चिकटत नाही, आणि कडेला अजून धरून बसलेला क्लिअरही खालून हवा शिरल्यामुळे आज-उद्या सुटणारच. म्हणून पूर्ण छप्पर, पन्हाळीपर्यंत, उतरवायचे. आधी चारशेचा पेपर, मग सहाशे, आठशे, लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळून. ठोकळा नसेल तर बोटांच्या खुणा चर होऊन रंगाखालून वर येतात. खोलगट जागी लांबी भरायची ती दोन-तीन मिलीमीटरच्या आत, आणि ती कोरडीच घासायची. पॉलिस्टर लांबी पाणी पिते, आणि ते पाणी पुढे उन्हात रंगाला फोड आणते. पोरांना पाणी मारून घासण्याची सवय असते, कारण धूळ उडत नाही आणि पेपर जास्त टिकतो. उस्तादची सगळ्यात जास्त बोलणी त्यांना इथेच बसतात.

मग शेड. डबा कंपनीच्या कोडप्रमाणे मिसळून येतो, तरी छप्पर आणि दार वेगळे दिसू शकतात. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. गन जवळ धरली, थर ओला बसला, तर चकत्या आत बुडतात, वेड्यावाकड्या उभ्या राहतात आणि रंग गडद दिसतो. गन दूर, हवा जास्त, थर कोरडा, की चकत्या सपाट बसतात आणि रंग उजळतो. त्यात गाडीचा जुना रंग पंधरा उन्हाळ्यांत स्वतःच सरकलेला. म्हणून उस्ताद आधी पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारतो, त्यावर क्लिअर देतो, तो तुकडा दारालगत धरून समोरून, मग तिरक्या नजरेने बघतो, सावलीत आणि उन्हात. तरी जुळले नाही तर रंग शेजारच्या भागावर विरत विरत नेतो आणि क्लिअर पूर्ण भागावर देतो, म्हणजे डोळ्याला जोड सापडत नाही. हे करताना तो कोणाशी बोलत नाही.

मुंबईची हवा त्याला वर्षातले निदान चार महिने छळते. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो; हवेत दमटपणा असला की त्यावर दव धरते आणि रंगावर पांढुरकी छटा येते. एनसी रंगात हे फार होते. त्यावर उपाय म्हणून सावकाश उडणारा थिनर वापरतात, दिवस बघतात. पाऊस सरला की दसऱ्याआधी गर्दी उसळते. गाडीला हार घालायचा तर ती चकचकीत हवी. खंडेनवमीला इथे कॉम्प्रेसर आणि गनचीही पूजा होते.

चाकांचे काम बहुतेक मालकांच्या मनात शेवटी येते. उस्तादच्या मते ते आधी यायला हवे, आणि हे त्याचे म्हणणे मनापासून पटते. लोखंडी रिम दोन भाग जोडून बनते, बाहेरचे कडे आणि मधली चकती. जोडाशी आणि टायर जिथे टेकतो त्या कडेला गंज धरतो. ट्यूबलेस टायरमध्ये या गंजाच्या खपल्यांतून हवा हळूहळू निघते आणि मालक पंक्चर शोधत बसतो. टायर न काढता वरवर चंदेरी स्प्रे मारणे म्हणजे गंजाला आडोसा देणे. टायर उतरवायचा, तारेच्या ब्रशने किंवा ब्लास्टिंगने पत्रा कोरा करायचा, प्रायमर, मग रंग. नट जिथे बसतात त्या खोबणी आणि हबला टेकणारी बाजू मात्र जाड रंगापासून वाचवायची. नटाखालचा रंग चालत्या गाडीत दबतो, आवळ सैल पडते, आणि चाक ढिले होऊ शकते. म्हणून चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायला तो मालकाला बजावतो. रूपासाठी केलेल्या कामाचा जिवाशी संबंध असतो तो असा.

अलॉयचा स्वभाव वेगळा. ब्रेक पॅडमधून आणि डिस्कमधून उडालेले तापलेले लोखंडी कण क्लिअरमध्ये रुततात आणि तिथेच गंजून तपकिरी ठिपके होतात. ते विरघळवणारे द्रव लोखंडाला भेटले की जांभळे होते. हे बघायला पोरांना फार आवडते. आम्लाचे स्वस्त क्लीनर मात्र ॲल्युमिनियमच खातात. फुटपाथला घासून गेलेली कड भरून पावडर कोटिंग करता येते, पण ती भट्टी 180-200 अंशांची. कारखान्यात उष्णता देऊनच अलॉयला ताकद आलेली असते, पुन्हा पुन्हा भाजल्याने ती उतरू शकते. तडा गेलेली अलॉय उस्ताद हातातही घेत नाही. आणि टायर? बाजूवरचे चार आकडे तो मालकाला वाचून दाखवतो. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. काळे पॉलिश चोपडून हे वय झाकता येते. जुन्या गाड्यांच्या बाजारात ते सर्रास झाकले जाते, आणि नक्षी शाबूत असलेला कडक रबर पावसात दगा देतो.

एवढा खटाटोप लोक का करतात? हिशेब सरळ आहे. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाले, तरी नव्या गाडीच्या किमतीपुढे ते काहीच नाही. ज्यांच्याकडे सुरुवातीच्या पद्मिन्या आहेत त्यांच्यापुढे वेगळी वाट उघडली आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. 1974 ची गाडी ती रेषा ओलांडून गेली आहे. अशा गाडीचे मालक मूळ शेडच मागतात.

पण या छपराखाली काही वेळ काढला की गाड्यांपेक्षा माणसांची काळजी वाटू लागते. पिवळ्या टॅक्सीचा जुना रंग घासताना जी धूळ उडते, तिच्यात शिसे असू शकते. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट हे वर्षानुवर्षे हुकमी रंगद्रव्य होते. शिशावरची 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांचा रंग त्यात येत नाही. रिम ब्लास्ट करायला काही ठिकाणी साधी वाळू वापरतात, आणि तिची धूळ सिलिकोसिस देते.

सगळ्यात मोठा धोका हार्डनरचा आहे, कारण त्याची ताकीद मिळत नाही. क्लिअर कठीण करणारे आयसोसायनेट फवाऱ्याबरोबर हवेत जाते. नाकाला वास जाणवेपर्यंत हवेतले प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले असू शकते. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे काही होत नाही. मग एके दिवशी शरीर ते ओळखू लागते, आणि त्यानंतर अगदी थोड्या मात्रेनेही छाती आवळते. अनेकदा त्रास कामावर होत नाही, संध्याकाळी घरी गेल्यावर होतो, म्हणून त्याचा संबंध कामाशी जोडलाच जात नाही. एकदा असा दमा जडला की हा रंग सोडणे हाच मुख्य उपाय. युरोपातील व्यावसायिक आरोग्याच्या पुस्तकांत गाड्यांचे पेंटर दम्याच्या यादीत फार वर असतात. धुके दिसेनासे झाले म्हणजे हवा स्वच्छ झाली असेही नाही. कण त्यानंतरही तरंगत राहतात, आणि पेंटर नेमका तेव्हाच तोंडावरचे फडके खाली करून काम न्याहाळतो.

रुमाल इथे निरुपयोगी आहे. बाजारातला कापडी मास्क तितकाच. या कामाला लागतो तो बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. तो घ्यायचा तर उस्तादच्या छोट्या कॉम्प्रेसरवर गन आणि मास्क एकावेळी चालत नाहीत. शिवाय त्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश असतो, श्वासासाठी ती वेगळ्या फिल्टरांतून काढावी लागते. मोठा कॉम्प्रेसर, फिल्टर, हवा ओढणारे पंखे, बंदिस्त बूथ हे सगळे भाड्याच्या छपराखाली, शेजारच्या खोल्यांत माणसे राहत असताना उभे करायचे. विम्याची कामे कॅशलेस म्हणून कंपन्यांच्या वर्कशॉपकडे जातात, तिथे बूथ असतात. इथे येतात त्या जुन्या गाड्या, ज्यांचे मालक हजार रुपयांवरही घासाघीस करतात. आयटीआयमध्ये गाडीच्या रंगकामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, पण तो शिकलेला मुलगा बूथ असलेल्या ठिकाणीच नोकरी धरतो, आणि ते योग्यच आहे.

उस्तादने काम वाटून घेतले आहे. घासणे, लांबी, रबिंग, चाके त्याच्याकडे. क्लिअर मारायची वेळ आली की गाडी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या बूथवर नेतो, आणि तिथे हवेचा मास्क घालून त्याचा थोरला शागीर्द गन धरतो. भाडे मालकाच्या बिलात चढते. ज्याला ते परवडत नाही त्याला तो सांगतो की छप्पर दोन महिन्यांनी करू, तोवर चाके आणि रबिंग करून देतो. काही जण थांबतात. बाकीचे पुढच्या गल्लीत जातात, जिथे तेच हार्डनर उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून, त्याच संध्याकाळी मारून मिळते.