वसई-विरारच्या वाटेवरचे डिझाइन

प्रवासात दिसलेल्या इमारतींतून, लाकूडकामातून, कपड्यांतून नव्या रचनेचे बीज मिळवणे ही डिझाइनच्या क्षेत्रातली जुनी रीत आहे. तिच्यात दोन पायऱ्या असतात: वस्तू नीट पाहणे, आणि ती तशीच का घडली याचा शोध घेणे. पहिली पायरी मोबाइलच्या कॅमेऱ्याने फारच सोपी करून टाकली आहे. दुसरी बहुतेकांची राहूनच जाते. दोन्हींच्या सरावासाठी मुंबईकराला लांब जायची गरज नाही. पश्चिम रेल्वेवरचा वसई-विरारचा पट्टा त्यासाठी पुरेसा आहे.

वसईचा मुलूख १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत युरोपातले आराखडे आणि कोकणातला काळा दगड इथे एकत्र आले. वसईच्या किल्ल्याच्या तटात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट पंथांची चर्चे उभी राहिली. आज त्यांतल्या बहुतेकांची छपरे गेली आहेत, गिलावा झडला आहे, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ते एका परीने बरेच झाले आहे. धडधाकट इमारत आपला सांगाडा लपवते. पडकी इमारत तो उघडा करून दाखवते. कमानीचा भार खांबावर कसा उतरतो, जाड भिंतीच्या आत काय भरले आहे, दाराच्या चौकटीला घडीव दगड आणि बाकी भिंतीला ओबडधोबड दगड असे का, हे सगळे इथे उभ्या उभ्या वाचता येते. घडीव दगड महाग, म्हणून जिथे नजर जाते आणि जिथे झीज होते तिथेच तो वापरला आहे. खर्च कुठे करायचा आणि कुठे वाचवायचा याचे असे उघड उदाहरण पुस्तकात सहसा मिळत नाही. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्या जोडप्यांना मात्र किल्ला पार्श्वभूमी म्हणूनच लागतो.

हा काळा दगड वसईतच थांबला नाही. जुन्या गोव्यातली बॉम जेझुसची बॅसिलिका १५९४ मध्ये बांधायला घेतली आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. तिच्या भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत, पण दर्शनी बाजूचे कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडात आहे. कारण साधे आहे: जांभा सच्छिद्र असतो, त्यात बारीक नक्षी टिकत नाही. तांबूस भिंत आणि काळी किनार ही त्या इमारतीची आजची ओळख. पाहणाऱ्याला ती रंगसंगती वाटते. मुळात ती दगडाच्या गुणधर्मातून आलेली सोय आहे. जांभ्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा होता, तो विसाव्या शतकात काढला गेला, म्हणजे हे तांबडे-काळे रूप मूळ रचनाकाराच्या डोळ्यांसमोर नव्हतेच.

वस्तू एका जागेहून दुसरीकडे गेली की तिचे काम बदलते, याचा नमुना म्हणजे मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकून आणलेल्या चर्चच्या घंटा. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या अजून टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृतीही. ती कोणी खरवडून काढली नाही.

पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. नालासोपाऱ्याजवळच्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले, तेव्हा तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. आत एक दगडी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले. वेष्टनाची रचना शिकवणाऱ्याने हे उदाहरण वर्गात घ्यावेच. बाहेरून आत जाताना प्रत्येक थर अधिक नाजूक आणि बहुतेक अधिक मोलाचा होत जातो, आणि शेवटी समोर येते ती मातीच.

फर्निचरच्या इतिहासातही अशीच देवघेव दिसते. पोर्तुगीज घाटाची अनेक खणांची कपाटे इथल्या सुतारांनी शिसवीत घडवली, हस्तिदंताने मढवली, आणि पायांच्या जागी नागिणी कोरल्या. उलट दिशेने, वेताची जाळी विणलेली बैठक सतराव्या शतकात आशियातून युरोपात गेली. दमट हवेत गादी कुबट होते, जाळीतून मात्र वारा खेळतो.

किल्ल्याबाहेर पडून निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशीकडे वळले की वेगळाच धडा मिळतो. घर, त्यामागची केळीची वाडी आणि वाडीतले बावखल ही इथली जुनी मांडणी. बावखल म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे गोड्या पाण्याचे तळे. त्यातले पाणी वाडीला मिळायचे आणि जमिनीतही मुरायचे. समुद्र जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या त्यात या तळ्यांचा वाटा आहे. इमारतींसाठी अनेक बावखले बुजवली गेली. पाण्याच्या नियोजनाची उदाहरणे परदेशात शोधणाऱ्या वास्तुरचनाकारांनी आधी ही तळी पाहायला हवीत.

कपड्यांच्या बाबतीत वसईतल्या कुपारी समाजातल्या बायकांचे लाल लुगडे लगेच नजरेत भरते. अशा स्थानिक वस्त्राचे पुढे काय करता येते, हे गोव्यात दिसले. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी भातशेतीत राबणाऱ्या बायकांची लाल चौकड्यांची कुणबी साडी पुन्हा विणून घेतली आणि २०१० च्या सुमारास ती फॅशनच्या मंचावर आणली. चौकडी तीच राहिली. माप आजच्या वापराचे झाले.

नक्कल आणि प्रेरणा यांतला फरक सर्वांत ठळक होतो तो वारली चित्रांत. पालघर जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी लग्नाच्या भिंतीवरची ही कला कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी तारपा या वाद्याभोवतीच्या नाचाचे तेच वर्तुळ कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, पडद्यांवर छापले जात आहे. लग्नाचा चौक, त्यातली पालघाट देवी, गेरूवर तांदळाच्या पिठाची रेघ, हे सारे मागे पडून एक छाप तेवढी उरते. खरे तर त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन एवढ्याच आकारांत सगळे जग मांडण्याची ती शिस्त शिकण्यासारखी आहे.

वस्तू तशीच का घडली हे कसे विचारायचे, याचा एक नमुना आहे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने भारत फिरून सरकारला अहवाल दिला आणि त्यात साध्या लोट्याची तारीफ केली. पाणी किती मावते, डोक्यावर किंवा कमरेवर तोल कसा राहतो, घासायला सोपा आहे का, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. असेच प्रश्न घेऊन वसईला जाणाऱ्याने कॅमेऱ्यासोबत वही, पेन्सिल आणि मोजपट्टी न्यावी, एका कमानीचे किंवा एका ओट्याचे माप घेऊन रेखाटन करावे, आणि किल्ल्याच्या भिंतीवर मात्र काही लिहू नये. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.