चिखलवाटेच्या दुचाकीला चेन कोणती?

भंडारा : भाताच्या रोवणीचे दिवस आले, की वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत दुचाकीचे काम दुपटीने वाढते. डांबरी रस्ता संपला की पांदण सुरू होते आणि पांदण संपली की बांधीचा धुरा. खताचे पोते, दुधाचा कॅन, शेतावरच्या माणसांचा डबा हे सारे त्याच वाहनावरून जाते. अशा वाटेवर इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देते ती इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत पोहोचविणारी, हातभर लांबीची आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेली चेन.

चेन तुटली की गाडी थांबते, एवढ्यावर प्रकरण नेहमीच मिटत नाही. तुटलेली किंवा उतरलेली चेन पुढच्या दातेरी चाकापाशी गोळा होऊन इंजिनाचे आवरण फोडू शकते. मागच्या चाकात अडकली, तर चाक जागीच जखडून चालक फेकला जाऊ शकतो. कोका अभयारण्यालगतच्या रस्त्यावर किंवा गोसीखुर्द धरणाच्या बाजूच्या आडवाटेवर, संध्याकाळच्या वेळी असा प्रसंग ओढवला तर मदत मिळणेही कठीण.

खडबडीत वाटांसाठी खास बनविलेल्या दुचाकींची हौसही आता वाढली आहे. २०१९ मध्ये हीरोची 'एक्सपल्स २००' बाजारात आली आणि मातीवर चालणारी गाडी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली. पुण्यात २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची फेरी झाली, तेव्हा मातीच्या उड्या हजारो प्रेक्षकांनी जवळून पाहिल्या. मात्र नोंदणी आणि दिवे नसलेली शर्यतीची डर्ट बाइक सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, हे हौशी चालकांनी ध्यानात ठेवलेले बरे. गाडी शर्यतीची असो वा शेतावरची, चेन निवडण्याचे तत्त्व एकच आहे. सर्वांत महाग किंवा सर्वांत जाड चेन म्हणजे योग्य चेन नव्हे. गाडीचे माप, वाटेची माती आणि मालकाकडून होणारी निगा या तिन्हींशी जुळते, ती योग्य चेन.

चेन 'ताणली' जाते म्हणजे काय?

आज वापरात असलेली बुश-रोलर पद्धतीची चेन हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे सिद्ध केली. तिची रचना अद्याप फारशी बदललेली नाही. दोन पट्ट्यांमध्ये पिन, पिनेवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर अशी प्रत्येक कडी असते. चेन लांबली की 'ताणली' असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका सांध्यात केसाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी झीज झाली, तरी ११० कड्यांच्या चेनची लांबी ११ मिलिमीटरने वाढते. मग ती दातांवर नीट बसत नाही, कडकड आवाज करते आणि अखेर उतरते.

ही झीज कशाने होते, हे मातीवर अवलंबून असते. भंडारा जिल्ह्यात कन्हार म्हणजे भारी काळी चिकण माती आहे, तशीच सिहार म्हणजे रेताड मातीही आहे. कन्हारीचा चिखल चेनला लिंपून बसतो. दातांच्या खाचा भरून चेन नको तितकी घट्ट करतो आणि वाळला की वंगण शोषून घेतो. वैनगंगेच्या घाटांकडील वाळूचे काम वेगळे. तिचे बारीक, कठीण कण पिन आणि बुश यांच्यामध्ये शिरले, की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या मॅंगनीज खाणींच्या बाजूला खनिजाच्या धुळीची त्यात भर पडते. म्हणूनच एकाच कंपनीच्या दोन गाड्यांची चेन दोन गावांत वेगवेगळी टिकते.

आकड्यांची भाषा

चेनच्या पट्टीवर ४२०, ४२८, ५२० असा आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर सांगतो आणि ते इंचाच्या आठव्या भागात मोजतात. ४ म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर, ५ म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन अंक आतल्या रुंदीचे. ४२० आणि ५२० या दोन्हींची रुंदी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असते. ४२८ ची सुमारे ८ मिलिमीटर. रोजच्या वापरातील १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांना बहुधा ४२८, तर केटीएम ३९० सारख्या ताकदवान गाड्यांना ५२० क्रमांकाची चेन असते.

हे माप मनाने बदलता येत नाही. ४२८ च्या दातांवर ५२० ची चेन बसणारच नाही आणि दोन्ही दातेरी चाके बदलून ती बसविली, तरी लहान इंजिनावर वजन वाढण्यापलीकडे पदरात काही पडत नाही. मजबुती हवी असेल, तर त्याच मापातील 'एच' अक्षराची चेन पाहावी. ४२८ एच या चेनच्या बाजूच्या पट्ट्या जाड असतात. पोती वाहणाऱ्या गाडीला ती उपयोगी पडते.

साधी की सीलबंद?

खरा निर्णय येथे घ्यावा लागतो. साध्या चेनमध्ये पिन आणि बुश यांच्यात बाहेरून दिलेले वंगणच काय ते असते. ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून, पट्ट्यांच्या मध्ये रबराची कडी बसवून ते आत कोंडलेले असते. वाळू आत शिरत नाही, ग्रीस बाहेर येत नाही. एक्स-रिंगचा छेद इंग्रजी एक्ससारखा असल्याने ती कमी घासते आणि अधिक टिकते.

सीलबंद चेन महाग असते, पण धूळ आणि चिखलाच्या वाटेवर साध्या चेनपेक्षा पुष्कळ जास्त चालते. दर आठवड्याला चेन साफ करण्याची सवड नसलेल्या आणि उघड्या चेनची गाडी वापरणाऱ्या चालकाने तीच घ्यावी. याउलट मोटोक्रॉसचे अनेक स्पर्धक साधी चेन पसंत करतात, कारण रबराचे घर्षण त्यांना नको असते आणि ते चेन वारंवार बदलतात. त्यांचे पाहून रोजच्या गाडीला साधी चेन लावणे हा घाट्याचा सौदा होय.

आणखी एक अडचण आहे. सीलबंद चेनच्या पिना लांब असतात. साध्या चेनसाठी बनलेल्या गाडीत ती इंजिनाच्या आवरणाला किंवा चेनकव्हरला घासू शकते. तेव्हा ती आपल्या गाडीत सुटसुटीत फिरते का, हे बसविण्यापूर्वीच तपासावे. पूर्ण चेनकव्हर असलेल्या साध्या गाडीचे कव्हर 'डर्ट बाइक'चा तोरा आणण्यासाठी काढून टाकणे मात्र चुकीचे. धुळीपासून आणि साडी, ओढणी अडकण्यापासून तेच वाचविते. त्याचे रबरी झाकण हरवले असेल, तर तेवढे बसवून घ्यावे. नाहीतर आत गेलेला चिखल आतच राहतो.

दातांचा हिशेब

चढावर आणि चिखलात ओढ मिळावी म्हणून दातेरी चाके बदलण्याची प्रथा आहे. पुढे १४ आणि मागे ४२ दात असतील, तर गुणोत्तर ३ येते. पुढचा एक दात कमी केला तर ते ३.२३ होते. मागचे तीन वाढविले तर ३.२१. परिणाम जवळजवळ सारखाच, खर्च मात्र पहिल्या मार्गाने कमी. तरीही पुढचे चाक फार लहान केल्यास चेनला अधिक तीव्र वळण घ्यावे लागते आणि झीज वाढते. मागचे दात वाढविल्यास चेनच्या कड्याही वाढवाव्या लागू शकतात. कड्यांची संख्या समच असावी. विषम संख्येसाठी वापरली जाणारी अर्धी कडी कमजोर असते.

जोडकडीकडेही लक्ष द्यावे. क्लिपची जोडकडी रानात पकडीने उघडता येते, ही तिची सोय. पण क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेलाच असले पाहिजे. उलटी बसविलेली क्लिप दगड वा धसकट लागून निघू शकते. ताकदवान गाडीला रिव्हेट ठोकलेली जोडकडी अधिक भरवशाची.

घट्ट म्हणजे चांगली नव्हे

मातीवरच्या गाडीचे मागचे चाक बरेच वरखाली होते आणि त्याबरोबर चेनचा ताण बदलतो. म्हणून अशा गाडीची चेन रस्त्यावरच्या गाडीपेक्षा थोडी सैल ठेवतात. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते आणि तेच पाळावे. घट्ट चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. फार सैल चेन उतरते.

सफाईसाठी केरोसीन आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोल आणि तारेचा ब्रश ओ-रिंगचे नुकसान करतात, तर सर्व्हिसिंगमधील पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारल्यास पाणी सीलच्या आत ढकलतो. चेन पुसून कोरडी झाल्यावर ९० नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने द्यावा आणि जादा तेल पुसून घ्यावे. इंजिनातून काढलेले जळके तेल वापरू नये; त्यात धातूचे कण असतात. साधारण ५०० किलोमीटरला, आणि चिखलात गाडी गेली असेल तर धुतल्यावर लगेच, हे काम करावे. ते करताना इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. गिअरमध्ये इंजिन सुरू ठेवून चेन पुसणे म्हणजे बोटे गमावण्याची जोखीम पत्करणे होय.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा शहर आणि परिसरात पाणी शिरले होते. पुरात बुडालेल्या गाडीची साधी चेन वरवर पुसून पुन्हा चालविण्यात अर्थ नसतो. आतून गंजलेल्या कड्या आखडतात. अशी आखडलेली कडी बोटाने वाकवून ओळखता येते.

केव्हा बदलावी?

मागच्या दातेरी चाकाच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून पाहावी. अर्ध्याहून अधिक दात उघडा पडला, तर चेन संपली असे समजावे. मोजायचेच असेल, तर ताणून धरलेल्या ४२८ च्या २० कड्या नव्या असताना २५४ मिलिमीटर भरतात. त्या २५९ च्या पुढे गेल्या, म्हणजे लांबी दोन टक्क्यांनी वाढली; तोवर थांबू नये. सीलबंद चेन याच्याही आधी, एका टक्क्याच्या सुमारास बदलणे श्रेयस्कर.

बदलताना चेन आणि दोन्ही दातेरी चाके एकत्रच, म्हणजे पूर्ण 'चेन सेट' घ्यावा. झिजलेल्या, आकड्यासारख्या वाकलेल्या दातांवर नवी चेन चढविली, तर तीही लवकर जुनी होते. दुकानात खोक्यावरील छापील किमतीपेक्षा चेनच्या पट्टीवर कोरलेले नाव आणि क्रमांक पाहावा, जुन्या चेनच्या कड्या मोजून न्याव्यात आणि पक्के बिल घ्यावे. नावाशी साधर्म्य असलेल्या, स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर बदललेल्या मालापासून सावध राहावे.

पावसाळ्याच्या तोंडावर बी-बियाणे आणि खतांची तजवीज होते. त्याच यादीत चेनची तपासणी जोडली, तर त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. रोवणीच्या ऐन दिवसात गाडी धुऱ्यावर उभी राहण्यापेक्षा, किंवा चालकाला इजा होण्यापेक्षा, ही दहा मिनिटे केव्हाही स्वस्त.