नाव कळले, फवारणी टळली

पपईच्या फळावर, देठावर किंवा पानाच्या मागच्या बाजूला कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा थर दिसला, की बागायतदाराच्या लगेच लक्षात येते: पिठ्या ढेकूण आला. ही कीड झाडातला रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते, पाने आकसतात आणि फळ बाजारात नेण्याजोगे राहत नाही. किडीच्या अंगावर मेणाचे आवरण असते, त्यामुळे फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मग मात्रा वाढते, औषध बदलते, दोन फवारण्यांमधले दिवस कमी होतात.

शेतातल्या किडीशी आम्हा डॉक्टरांचा संबंध येतो तो इथे. फवारणीच्या हंगामात सरकारी रुग्णालयात विषबाधेचे रुग्ण दाखल होतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, छातीत घरघर. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ॲट्रोपिनची इंजेक्शने आणि व्हेंटिलेटर यांनी अनेक जीव वाचतात, सगळे वाचत नाहीत. त्यामुळे जी गोष्ट एक फवारणी कमी करते, ती मला आरोग्याचीच गोष्ट वाटते. पपईच्या बाबतीत तसे घडले आहे. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली एका इवल्याशा माशीला नाव देण्याच्या कामाचा मोठा वाटा आहे.

पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्याला ‘पॅराकोकस मार्जिनॅटस’ हे शास्त्रीय नाव १९९२ मध्ये मिळाले. मूळ प्रदेशात तो फारसा उपद्रव देत नाही, कारण त्याला खाणारे शत्रू तिथे आहेत. १९९० च्या दशकात तो कॅरिबियन बेटांवर आणि तिथून फ्लोरिडात पोहोचला. शत्रू मागेच राहिले आणि त्याला मोकळे रान मिळाले. तेव्हा अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मेक्सिकोत जाऊन त्या शत्रूंचा शोध घेतला. पिठ्या ढेकणाच्या पोटात वाढणाऱ्या काही माश्या त्यांना सापडल्या.

या माश्या गांधीलमाशीच्या नात्यातल्या. आपल्या घराच्या भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण सर्वांनी पाहिलेली असते. ती त्या घरात अळी किंवा कोळी आणून ठेवते आणि त्यावर तिचे पिल्लू वाढते. पिठ्या ढेकणावरची माशी घर बांधत नाही. ती जिवंत किडीच्या शरीरातच अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी किडीला आतून खाते, कीड वाळून कडक होते आणि त्या कवचाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. जंत माणसाच्या आतड्यात राहतो, पण सहसा माणसाला मारत नाही. माणूस जगला तर तोही जगतो. ही माशी मात्र ज्याच्यावर वाढते त्याला मारूनच बाहेर पडते. तिची लांबी एक मिलिमीटरही नसते. माणसाला ती चावत नाही की डंख मारत नाही.

सापडलेल्यांपैकी दोन माश्या विज्ञानाला नव्या होत्या. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे जॉन नॉयिस आणि अमेरिकी कृषी खात्याचे मायकेल शॉफ यांनी २००३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतली एक ‘ॲसेरोफॅगस पपाये’.

नव्या प्रजातीचे वर्णन करायचे म्हणजे नुसते नाव ठेवणे नव्हे. स्पर्शिकेचे खंड, पंखावरच्या शिरा, अंडी घालण्याच्या नळीची लांबी, रंग असे एकेक लक्षण पाहायचे. जगभरातल्या जवळच्या प्रजातींशी ते ताडून ही त्यांच्याहून वेगळी कशी, हे लिहायचे. ज्या नमुन्यावर नाव बेतले, तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा, म्हणजे पुढे कोणालाही खात्री करून घेता येते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? ताप सारखाच दिसला तरी मलेरियाचे औषध टायफॉइडला चालत नाही. इथेही तसेच आहे. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसावाच्या पिकावर दुसऱ्या एका पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात तशीच दिसणारी कीड सापडली, पण तिच्यावरच्या माश्या आफ्रिकेतल्या किडीवर वाढेनात. नीट तपासल्यावर ती कीडच वेगळ्या प्रजातीची निघाली. खरी कीड १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडली आणि तिच्याबरोबर ‘अनॅगायरस लोपेझी’ ही माशीही. या माशीचे वर्णन १९६४ मध्येच झालेले होते. तिने आफ्रिकेतले कसावा वाचवले. त्या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये प्रथम कोइमतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रातल्या बागांतही पसरला. तुतीवर तो आला तेव्हा रेशीम उत्पादकांची कोंडी झाली, कारण फवारलेला पाला खाऊन रेशीमकिडेच मरतात. पण यावेळी शोध पहिल्यापासून घ्यावा लागला नाही. शत्रूचे नाव माहीत होते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या माश्या आणल्या, त्या इतर उपयोगी कीटकांना धोकादायक नाहीत हे तपासले आणि मग बागांत सोडल्या. त्यांतली ‘ॲसेरोफॅगस पपाये’ सर्वांत चांगली रुळली आणि कीड आटोक्यात आली. कसावाची कीड २०२० मध्ये केरळात आली, तेव्हाही हाच मार्ग घेतला गेला. २०२२ मध्ये तमिळनाडूत सेलम भागात ‘अनॅगायरस लोपेझी’ सोडण्यात आली. आपल्या उपवासाचा साबुदाणा याच कंदापासून बनतो.

बागायतदारांनी एवढे जरूर करावे. पांढरा थर दिसताच पंप उचलू नका. भिंगातून पाहा: किडीत वाळलेली, तपकिरी, गोल भोक पडलेली कवचे दिसली, तर माश्या कामाला लागल्या आहेत. तीव्र कीटकनाशक किडीआधी त्यांनाच मारते. चिकट स्रावासाठी मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि माश्यांना हुसकावतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त करा. शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

फवारणी करावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ ठेवून करा. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. मळमळ, घाम, अंधुक दिसणे, धाप असे काही जाणवले, तर लगेच थांबा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा लेबलासकट घेऊन रुग्णालयात या. विषाचे नाव कळले, की उपचार लवकर सुरू करता येतो.