‘खेळाच्या वेळी हा विषय नको!’

सामना ऐन रंगात आलेला असतो. घरची मंडळी दूरदर्शनसमोर जमलेली असतात. इतक्यात कोणी तरी विचारतो, ‘या संघात अमुक समाजाचा एकही खेळाडू कसा नाही?’ लगेच दुसरा त्रासून म्हणतो, ‘निदान खेळाच्या वेळी तरी हे विषय नकोत! दोन घटका करमणूक होऊ द्या.’ मग पहिला हिरमुसून गप्प बसतो किंवा वाद पेटतो. आणि सामन्याची गोडी मात्र दोघांचीही जाते.

या दोघांपैकी कोणाचे खरे? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि नवा तर मुळीच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घातला. तो वाद समजून घेतला, तर आपल्यालाही मार्ग दिसेल.

मुंबईत १८९२ पासून युरोपियन आणि पारशी या संघांत सामने होऊ लागले. १९०७ साली त्यांत हिंदू संघ आला, १९१२ साली मुसलमान संघ आला आणि स्पर्धा चौरंगी झाली. १९३७ मध्ये उरलेल्या समाजांचा ‘रेस्ट’ संघ येऊन ती पंचरंगी बनली. त्या काळी हिंदुस्थानात याहून लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा नव्हती. हजारो लोक हे सामने पाहावयास जात.

या स्पर्धेत सामाजिक प्रश्न बाहेरून कोणी आणून घुसडला नव्हता. तो संघांच्या नावांतच होता. शिवाय एकेका संघाच्या आतही तो होता. बाळू पालवणकर यांचेच उदाहरण घेऊ. ते चर्मकार समाजातील. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करताना आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकताना ते डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीत तरबेज झाले. पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी त्यांना आपल्या संघात घेतले. मैदानावर सारे त्यांच्या हातचा चेंडू आनंदाने झेलीत. पण चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई, आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

१९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधाराच्या निवडीत त्यांचे बंधू विठ्ठल यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळण्यास नकार दिला व आपली बाजू जाहीरपणे मांडली. क्रिकेटप्रेमींमध्ये मोठीच चर्चा झाली. ‘खेळात जात कशाला आणता?’ असे त्या वेळीही काही जण म्हणाले असतील. परंतु जात पालवणकर बंधूंनी आणली नव्हती; ती आधीपासूनच तेथे ठाण मांडून बसली होती. त्यांनी केवळ तिचे नाव घेतले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. बोलण्याचा कंटाळा करून सर्वांनी मौन धरले असते, तर हा दिवस इतक्या लवकर उजाडला असता काय? पुढे विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

आता वादाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. धर्मावर आधारलेल्या संघांची ही स्पर्धा बंद करावी, असे पुष्कळांना वाटू लागले होते. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटली. महाविद्यालये किंवा संस्था यांच्यातील सामने आपण समजू शकतो, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, हे आपल्याला कधीच उमगले नाही, असा अभिप्राय गांधीजींनी दिला. त्या वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. पण पुढच्याच वर्षी तो परत आला. कारण स्पर्धेच्या बाजूनेही पुष्कळ लोक होते. ते सारेच धर्मवेडे होते, असे समजणे अन्यायाचे होईल. येथे उत्तम दर्जाचा खेळ पाहावयास मिळतो. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या फटक्यालाही प्रेक्षक टाळ्या देतात. मग भांडण कोठे आहे, असे ते विचारीत. वर्षभर ज्याची वाट पाहावी, असा हा सोहळा कोणी तरी हिरावून घेत आहे, अशी त्यांची व्यथा होती. ती व्यथा खोटी नव्हती.

म्हणून आम्हांस वाटते की, कंटाळा आला असे म्हणणाऱ्याला एकदम दोषी ठरवू नये. तो कोणत्या प्रकारचा कंटाळा आहे, हे आधी पाहावे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला विसावा हवा असतो. तो कंटाळा रास्त आहे. तेच ते बोलणे, तेही समोरच्याला हिणवून, कोणी करू लागला तर येणारा वीटही रास्तच आहे. परंतु तिसराही एक कंटाळा असतो. खरी गोष्ट कानांवर पडली की मन अस्वस्थ होते, आणि त्या अस्वस्थतेला आपण कंटाळा हे सोयीचे नाव देतो. या कंटाळ्यापासून सावध राहिले पाहिजे. तंबूच्या आत बसलेल्यांना चहाच्या भांड्याचा विषय नकोसा वाटला, तर तो टाळता येत होता. तंबूबाहेर उभे असलेल्या बाळूंना तो कसा टाळता यावा? भांडे त्यांच्याच हातात होते.

पंचरंगी स्पर्धेचा वाद शेवटी मिटला तो केवळ चर्चेने नव्हे. १९३४ पासून प्रांतांच्या आणि संस्थानांच्या संघांसाठी रणजी स्पर्धा सुरू झाली होती. रसिकांना प्रेम करावयास दुसरे चांगले काही तरी मिळाले. १९४६ च्या आरंभी पंचरंगीचे शेवटचे सामने झाले.

या दोन स्पर्धांतील फरक आमच्या बडोद्याचे विजय हजारे यांच्या दोन डावांतून उत्तम दिसतो. ते जन्माने सांगलीचे आणि धर्माने ख्रिस्ती. म्हणून पंचरंगीत त्यांचे स्थान ‘रेस्ट’ संघात. १९४३ च्या डिसेंबरात हिंदू संघाविरुद्ध त्यांनी एकट्याने ३०९ धावा काढल्या. साऱ्या संघाच्या मिळून ३८७ होत्या! तरी संघ हरला. पुढे मार्च १९४७ मध्ये, बडोदे आणि होळकर यांच्यातील रणजीच्या अंतिम सामन्यात, हजारे आणि लाहोरहून आलेले गुल महंमद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. कोणत्याही जोडीचा हा जागतिक विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित होता. एक ख्रिस्ती, एक मुसलमान; संघ मात्र बडोद्याचा. देशाची फाळणी अवघ्या पाच महिन्यांवर आली होती. पंचरंगीच्या पद्धतीने संघ निवडले असते, तर ही जोडी एका बाजूने कधीच उभी राहिली नसती.

विद्यार्थी मित्रहो, यातून आपण काय घ्यावे? शेवटचे षटक चालू असताना शेजाऱ्याला व्याख्यान देऊ नये. हा साधा शिष्टाचार आहे. परंतु सामना संपल्यावर, चहाच्या वेळी, कोणी आपल्याला खुपणारी गोष्ट सांगू लागला, तर ‘पुन्हा तेच!’ म्हणून उठून जाऊ नये. आपल्या वर्गाचा संघ निवडताना कोण नेहमी सीमारेषेबाहेर उभा राहतो, इकडेही जरा लक्ष द्यावे. त्याला आत बोलाविण्यास मोठ्या चर्चेची गरज नाही. एकदा बोलाविला की तो विषय आपोआप संपतो, आणि मग सर्वांनाच निवांतपणे खेळता येते.