कुडा : पांढरा की काळा?

पांढरा कुडा : संस्कृत नाव कुटज. सह्याद्रीच्या पानझडी रानांत सर्रास. जुलाब आणि आवेवर सालीचा काढा पूर्वापार. कुटजारिष्टही याच सालीचं. कडूजहर बिया म्हणजे इंद्रजव. फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी कोकणात आवडीने होते.

काळा कुडा : बी तितकं कडू नाही, म्हणून गोडा इंद्रजव. पानांतून निळा रंग मिळतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच्याच लाकडाची.

ओळख : दोघांचीही फुलं पांढरी, पान तोडलं की चीकही पांढराच. शेंगा जोडीने लटकतात. पांढऱ्याच्या सुट्या, २० ते ४० सेंमी लांब. काळ्याच्या कोवळेपणी टोकाला चिकटलेल्या. फुलाच्या मध्यभागी झालर दिसली, तर तो काळा. औषधी सालीत भेसळ होते ती बहुधा याचीच.